घोंगडीखालचा गहू

आज सकाळी खोबरेलाची बाटली गोठली. न्हाणीतल्या फळीवर उलटी करून ठेवली तरी थेंब उतरेना, तेव्हा म्हटलं, आली. थंडी आली. बारामतीत हल्ली थंडी येते ती पाहुण्यासारखी. चार दिवस राहते, जरा कुठं ओळख पटतेय तोवर निघून जाते. वर पंखा आणि अंगावर गोधडी, अशी आमची निम्मी थंडी सरते. यंदा मात्र ती मुक्कामाला आल्यासारखी वाटते आहे. गच्चीवर उन्हाला बसले, बाटली शेजारी ठेवली आणि आतल्या पांढऱ्या गोळ्याला कडेकडेनं पाझर फुटताना बघत राहिले. असं एकटक बघत राहिलं की मला काय होतं कोण जाणे. बाटली दिसायची थांबते आणि गहू दिसायला लागतो.

तोही हिरवा नाही. पांढरा.

नव्वदीच्या सुरुवातीची ती सालं. आमची वस्ती तेव्हा लोणी भापकरच्या अलीकडं माळाच्या उतरणीला होती. घर माळावर, आणि घरापासून खाली ओढ्याच्या काठी दीड एकराचा तुकडा. तुकडा लवणात होता. लवण म्हणजे दोन्ही अंगांनी माळ चढलेला आणि मधे बशीसारखी खोलगट जागा. पावसाळ्यात माळावरची माती वाहून तिथं यायची, म्हणून जमीन काळी, मऊ. उन्हाळ्यातसुद्धा अनवाणी पायाला बरं वाटायचं. त्या जमिनीत आमच्या घरानं कधी गहू पेरला नव्हता. पेरणार कोण? आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि घाट उतरून कोकणात जायचं, ते पावसाच्या तोंडाला माघारी. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन वर्षं मीही गेले होते. पाठीवर पोर, डोक्यावर भांडी, आणि पुढं मेंढरांची ती हलती वाकळ. आता आठवलं की वाटतं, ते आपण केलं की कुणी सांगितलेलं ऐकलं?

मग आबांचे गुडघे गेले. आबा म्हणजे माझे सासरे. उंच, काटक, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. मुलगा, म्हणजे आमचे हे, म्हणाले की आता भटकणं पुरे, विहीर खोल करू, बागायत करू. विहिरीला पाणी लागलं. मेंढरं विकून टाकली. ज्या दिवशी गेली त्या दिवशी आबा जेवायला बसले, जेवले, हात धुतला. पण ताटात काय होतं ते त्यांनी बघितलं नाही. मी मुद्दाम आमटीत मीठ विसरल्याचं बोलून दाखवलं. म्हणाले, "बरी झालीया." मीठ मी विसरले नव्हते.

त्या वर्षी लवणातला गहू जरा उशिरानंच पेरला. घरातला पहिला गहू. आबा रोज दिवस वर आला की घोंगडी खांद्यावर टाकून बांधावर जाऊन बसायचे. गव्हाला ते पीक म्हणायचे नाहीत. मी न्याहारी घेऊन गेले की विचारायची, "कसं हाय आबा?" तर म्हणायचे, "बरं हाय. खेळतंय." वाऱ्यानं पाती हलायची त्याला ते खेळणं म्हणायचे. कोकरं खेळतात तसं. एकदा तर गव्हावरून हात फिरवून बोटं नाकाला लावून हुंगताना मी त्यांना बघितलं. मला बघितल्यावर खोकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "माशी बसली हुती."

वडगाव निंबाळकरचे एक तात्या आमच्या विहिरीवर कधीमधी यायचे. ह्यांच्या ओळखीचे, कालव्याच्या पाण्यावर गहू, ऊस सगळं केलेले. त्या दिवसांत हवा दमट, ढगाळ होती. जानेवारी लागत आलेला तरी अंगावर स्वेटर नको वाटायचा. तात्या बांधावर उभे राहून आभाळाकडं बघत म्हणाले, "ढग फाटाय लागल्यात. थंडी येणार. एक पाणी देऊन टाका गव्हाला."

आबा खालीच बसले होते. म्हणाले, "गारठ्यात पाणी?"

"व्हय, गारठा पडायच्या आदी."

"तात्या, गारठ्यात कोकराला कुणी पाणी पाजतंय का?"

तात्या हसले. "आबा, ह्ये कोकरू न्हाय, गहू हाय."

"कवळं त्ये कवळं," आबा म्हणाले. "पाटाचं पाणी, गार ढोण. मुळाला गारठून बसंल. माती कोरडी असली म्हंजी ऊब धरती."

आता आबांचं चुकलं कुठं? त्यांच्या सगळ्या आयुष्यानं त्यांना तेच शिकवलं होतं. थंडीत मेंढरू दवात चरायला सोडायचं नाही, ऊन पडून गवत सुकलं की मगच हलवायचं. सकाळचं पाणी तोडायचं. बसायची जागा कोरडी ठेवायची. ओल आली की कोकरू गेलंच म्हणायचं. हे सगळं त्यांनी गव्हाला लावलं. आमच्या ह्यांच्या मनात चुळबुळ होती, पण घरातला पहिला गहू आणि बापाचा शब्द.  विहिरीवरची मोटर बंद राहिली.

आणि मग वारा पडला.

ज्यानं लवणात थंडी बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही. वारा असतो तोवर थंडी बोचते, पण ती थांबत नाही, पुढं जाते. वारा पडला, आभाळ धुतल्यासारखं झालं, की थंडी माळावरून हळूहळू खाली उतरते. पाण्यासारखी. उतार धरून, बांधावरून घरंगळत, आवाज न करता. आणि बशीत येऊन साठते. संध्याकाळी मी ओढ्यावरून धुणं घेऊन वर चढायची तेव्हा कमरेपर्यंत गार आणि वर जरा कोमट असं स्पष्ट लागायचं, तळ्यातून चालत बाहेर यावं तसं. माळावर आमची शाळू ज्वारी होती, तिची पानं थंडीनं नुसती जांभळट झाली होती. खाली गव्हाचं काय होणार हे थंडीलाच ठाऊक.

त्या संध्याकाळी आबा उठले तेव्हा खांद्यावर घोंगडी नव्हती. वळून बघते तर बांधाला लागून गव्हावर पसरलेली. चारही कोपऱ्यांना ढेकळं ठेवलेली. मी पदर तोंडाला लावला. आबांनी बघितलं. म्हणाले, "त्येवढं वाईच पिवळं दिसत हुतं. असू दे." आणि एवढ्या गारठ्यात नुसत्या बंडीवर घराकडं चालायला लागले.

सकाळी पोरानं मला हाक मारली, "आये, शेतात कुणी मीठ सांडलंय?"

दारात उभी राहिले. खाली लवण पांढरं झालं होतं. दव आम्ही रोज बघत होतो, पण दव चमकतं. हे चमकत नव्हतं. प्रत्येक पात्याच्या कडेला पांढरी बारीक रांगोळी घातल्यासारखं दहिवर बसलं होतं. विहिरीतून वाफ निघत होती, सरळ वर, दोरीसारखी. एक पक्षी बोलत नव्हता. खोटं कशाला सांगू, जीव घाबरायच्या आधी मला ते फार सुंदर दिसलं. पाय टाकला तर पायाखाली पाती कुरकुर वाजली. पोरगं वाकून पात्याला जीभ लावून आलं आणि म्हणालं, "मीठ न्हाय गं, नुसतंच गार हाय."

ऊन आलं. रांगोळी पुसली गेली. आणि दुपारपर्यंत गव्हानं मान टाकली. पाती आधी काळपट हिरवी झाली, भाजीला वाफ दिल्यावर होते तशी. मग दोनचार दिवसांत वाळून पेंढ्यासारखी पांढुरकी. सगळं लवण पिवळं, भकास. आणि त्या पिवळ्यात, बांधाला लागून, एक लांबट चौकोनी हिरवा तुकडा. घोंगडीएवढा. जसं काही कुणी कापडाचं ठिगळ लावलं असावं.

तो तुकडा नसता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. सगळंच गेलं असतं तर थंडीवर खापर फोडता आलं असतं. पण तो हिरवा तुकडा तिथं बसून सगळ्यांना सांगत होता की हे टळण्यासारखं होतं. ओढ्यापलीकडं ज्यांनी पाणी दिलं होतं त्यांच्या गव्हाची नुसती शेंडी भाजली होती. आमचे हे बांधावर आले, एकदा पलीकडं बघितलं, एकदा त्या तुकड्याकडं बघितलं आणि बोलून गेले, "आबा, आता दीड एकराची घोंगडी विणा."

बोलले आणि स्वतःच दचकले. पण शब्द गेला होता. आबांनी घोंगडी झटकली, घडी केली, खांद्यावर टाकली.  दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लेकीकडं गेले, इंदापूरच्या अंगाला, लोणी देवकरला. जाताना मला एवढंच म्हणाले, "पोरी, शेतातलं मला काय इचारत जाऊ नका आता. मला त्यातलं न्हाय कळत."

ज्या माणसाचं अख्खं आयुष्य कळण्यावर गेलं, कुठल्या मेंढीचं कोकरू कुठलं हे अंधारात वासानं सांगणारा माणूस, तो म्हणतो मला कळत नाही. मेंढरं गेली तेव्हा हा माणूस निम्मा गेला होता. उरलेला निम्मा त्या गव्हात होता. तो गहू नांगरला की आबा ह्या घरात परत आले तरी पाहुण्यासारखे येतील, कोपऱ्यात बसतील, दिलं ते खातील, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि नांगरायचं तर ठरलंच होतं. ह्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं होतं; तो उसाच्या वाहतुकीत अडकला होता म्हणून चार दिवस लांबलं, इतकंच.

इथं मी जरा थांबते. बाटलीतलं तेल निम्मं पातळ झालंय, आणि ऋतुजा वर आली आहे. ऋतुजा माझी नात, शेतीचं शिकते. तिला मी हे सगळं कितीदा सांगितलं असेल. गेल्या वर्षी ती सुट्टीला आली तेव्हा तिनं मला उलट सांगितलं. आता माझं शिक्षण काय, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले ते. पण हे मला लगेच समजलं, कारण तिनं पुस्तकातलं न सांगता घरातलं सांगितलं.

म्हणाली, "आजी, गारठ्यानं पान मरत नाही. आतल्या पाण्याचा बर्फ होतो, त्या बर्फाला सुया असतात, त्या आतून पान फाडतात."

"मग थंड देशात गवत कसं जगतं? तिथं तर महिनोन्महिने बर्फ असतो म्हणतात."

"ते आधी तयारी करतं."

"कशाची?"

"थंडी हळूहळू आली ना, की गवताला चाहूल लागते. मग ते वाढ थांबवतं आणि अंगात साखर साठवतं. गोड पाणी लवकर गोठत नाही."

मला काही ते पटेना. म्हणून मी खाली गेले, एका वाटीत पाणी आणि एका वाटीत काकवी घेतली आणि दोन्ही फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. संध्याकाळी काढल्या. पाण्याचा दगड झालेला. काकवी दाट झाली होती, पण बोट घातलं की बोट आत जात होतं. म्हटलं, बरोबर आहे पोरीचं. सून म्हणाली, "आई, फ्रिजमधी काकवी कशाला?" तिला म्हटलं, गवताचा अभ्यास चाललाय.  माझ्याबद्दल तिला आता काही नवल वाटत नाही.

आणि ही खोबरेलाची बाटली. ऋतुजा म्हणाली, पेशीच्या पडद्यात तेलासारखं काही असतं. थंडीची चाहूल लागली की झाड ते तेल बदलतं. गोठणारं काढतं, न गोठणारं घालतं. मी म्हटलं, म्हणजे खोबरेल काढून करडईचं तेल. ती हसत सुटली. म्हणाली, "अगदी तसंच." आमच्या घरात जन्म गेला करडईच्या तेलात, ते कधी कुठल्या थंडीत गोठलेलं मी बघितलं नाही. म्हणजे बघा, गव्हाला जे कळतं ते आमच्या तेलाच्या बरण्यांनाही कळत होतं. फक्त आम्ही कधी विचारलं नव्हतं.

तिचं आणखी एक म्हणणं मला फार आवडलं. म्हणाली, गहू, शाळू, बाजरी, ऊस, हरळी, सगळं एकाच घरचं. सगळं गवतच. फक्त गहू थंडीच्या मुलखातला आणि शाळू उन्हातला.

मी म्हटलं, "म्हणजे जन्मभर आपण गवतच खाल्लं की."

"हो आजी."

"मग मेंढरात आणि आपल्यात फरक काय?"

"मेंढरं कच्चं खातात."

आबा असते तर ह्यावर खूश झाले असते. हसले नसते, पण मिशी हलली असती.

तर त्या वर्षी गव्हाची तयारीच झाली नव्हती. ढगाळ, दमट हवेत तो बेसावध लुसलुशीत वाढत होता, आणि थंडी एका झडपेत आली. वर माती कोरडी. ओली माती दिवसभराचं ऊन पोटात ठेवते आणि पहाटेपर्यंत थोडंथोडं सोडत राहते. कोरड्या मातीच्या पोटात काही राहत नाही. आबांना वाटलं होतं त्याच्या बरोबर उलट. घोंगडीनं मात्र जे केलं ते आबांच्या हिशेबानंच केलं, जमिनीची ऊब आभाळाला जाऊ दिली नाही. एका माणसाच्या एकाच शहाणपणातलं निम्मं चुकीचं निघालं आणि निम्मं बरोबर. मला ह्याचं अजून नवल वाटतं.

पण हे सगळं आत्ताचं. तेव्हा मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की घरात दोन म्हशी आहेत आणि वैरण कमी आहे.

ट्रॅक्टर यायच्या आधी जळका गहू कापून म्हशींना घालावा म्हणून मी विळा घेऊन लवणात उतरले. कडेनं एक पट्टा कापला, मूठभर उंची ठेवून, कारण खाली ओलसर माती विळ्याला लागत होती. भारा केला, घरी नेला. म्हशींनी तो तोंड वाकडं करून खाल्ला. ह्याच्या आधी, हे कबूल करायला हवं, ह्यांनी त्या तात्यांना जाऊन विचारलं होतं. तात्या म्हणाले होते, "नांगरताय ते नांगरा, पण त्याआदी एक पाणी देऊन तर बघा. माती मऊ तरी हुईल." म्हणून दुपारच्या उन्हात एकदा मोटर चालू केली होती. कुणी आशेनं नव्हे. नांगराला बरं जावं म्हणून.

दोन दिवसांनी पुढचा पट्टा कापायला गेले आणि आधीच्या कापलेल्या पट्ट्यात पाय ठेवला तो उचललाच. प्रत्येक बुडख्यावर मी विळ्यानं सरळ कापलेली ती पाती, सुकलेली, पांढरी. आणि त्यांच्या मधोमध एक हिरवी सुळकी वर आलेली. जणू काही खालून कुणी ढकलत होतं. तिचं टोकही कापलेलं, बोथट, म्हणजे पान माझ्याच विळ्याखालचं; पण ते आता बोटभर वर सरकलं होतं. मी खाली बसले. एक बुडखा बोटांनी उकरला. वाळलेली पानं सोलली, कांदा सोलावा तशी. आत पांढरं, टणक, ओलं, आणि बुडाला, मातीत, बोटाच्या पेरभर खाली, तांदळाच्या दाण्यासारखा एक कोंब. त्याच्या शेजारी दुसरा. तिसरा.

गवताचा जीव शेंड्यात नसतो. झाडाचा असतो, वेलाचा असतो. शेंडा खुडला की ती रुसतात. गवताचा जीव बुडाला, मातीच्या आत. पान वरून नाही, खालून वाढतं. म्हणून तर मेंढरं चरतात आणि गवत पुन्हा येतं. गव्हानंही तेच केलं होतं. पाती थंडीला देऊन टाकली आणि आपण खाली मातीत बसून राहिला. थंडी वरच्या वर लुटून गेली. आणि गव्हाला थंडीत वर जायची घाई नसते, तो बुडातून फुटवे काढत बसतो, एकाचे चार करत. मी तिथं किती वेळ बसले मला सांगता येणार नाही. ऊन पाठीवर होतं. ओढ्याच्या पाण्याचा आवाज येत होता. आपल्या हातात काहीतरी हळूहळू जागं होतंय असं वाटत होतं आणि मला उठवत नव्हतं.

हे आले तेव्हा मी नुसतं बोट दाखवलं. ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला नगं म्हणून सांगतो."

"आन् आबांना?"

ह्यांनी चपलेनं ढेकूळ फोडलं. "आबांला मी काय सांगू. तू जा."

मी गव्हाचं एक बुड मातीसकट उपटलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि एसटीत बसले. भिगवणला गाडी बदलावी लागायची. स्टँडवर माशांचा वास, पलीकडं धरणाच्या पाण्यावरून आलेलं गार वारं. शेजारची बाई फडक्याकडं बघून म्हणाली, "तुळस का वं?" म्हटलं, "न्हाय, गहू." तिनं जरा सरकून बसून घेतलं.

लोणी देवकरला तेव्हा कारखान्यांच्या शेडा नुकत्याच उभ्या राहत होत्या. माळावर लोखंडी सांगाडे, मधूनच बाभळी, आणि त्यापलीकडं जुनी शेतं. दारात वन्सं, म्हणजे माझी नणंद, भांडी घासत होत्या. मला बघून म्हणाल्या, "दादानं धाडलं व्हय?"

"न्हाय. गव्हानं धाडलं."

त्या हात पुसत जवळ आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "बरं केलंस आलीस. मान्साचं डोकं फिरलंय बघ. रोज सकाळी उठून हितल्या रानारानानं फिरत्यात. गव्हात कुणी दिसला की इचारत्यात, पाणी कवा दिलं हुतं, आन् किती पाजलं हुतं. लोकांस्नी वाटतंय पाणी खात्याचा मानूस हाय."

आबा घरामागं उन्हाला बसले होते. मी पाया पडले, फडकं सोडून ते बुड त्यांच्यापुढं ठेवलं. ते बघत राहिले. मग उचललं. मेंढीची लोकर बाजूला सारून गोचीड बघतात तशी अंगठ्यानं वाळकी पानं बाजूला सारली. आतला कोंब दिसला. त्यावर त्यांनी बोट टेकवलं नाही, नुसतं जवळ नेलं.

"आपलाच?"

"व्हय आबा. सगळा असाच हाय. फुटाय लागलाय."

 शेडच्या पत्र्यावर कुणीतरी हातोडा मारत होतं, तो आवाज येत होता. मग आबा म्हणाले, "मग ह्ये उपटलंस कशाला?"

"तुमाला दावायला."

"मला दावायला जितं पीक उपटायचं असतंय व्हय? जगलं असतं की." आणि उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, मोरीच्या पाण्यापाशी गेले, काठीनं खळगा केला आणि ते बुड तिथं लावलं. वन्संकडं न बघता म्हणाले, "ह्याच्यावर खरकटं टाकू नगंस." मग माझ्याकडं वळून, "गाडी किती वाजता हाय?"

परतीच्या सगळ्या वाटेत ते खिडकीतून दिसणारा प्रत्येक गहू बघत होते.  मान वळवून, मागं पडेपर्यंत.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हे लवणात दारं धरत होते. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत, खोऱ्यानं मातीचा बांध इथं फोडत, तिथं घालत. विहिरीचं पाणी थंडीच्या दिवसांत कोमट असतं, त्यातून अजून बारीक वाफ निघत होती. आबा बांधावर जाऊन उभे राहिले. बापलेकांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही बघितलं नाही असं केलं. पाणी वाफा भरून वर यायला लागलं.

"वाफा भरला," आबा म्हणाले. "दारं मोड की."

ह्यांनी कमर सरळ केली. कपाळावरचा घाम पुसला, नसलेला. मग खोरं पुढं केलं. "आबा, तुमीच धरता का वाईच? मला म्हशीकडं जायाचंय."

आबांनी धोतर वर खोचलं, चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. "जा तू. मी बघतो."

हे घराकडं निघाले. लवणात उतरायच्या आधीच मी म्हशी दावणीला बांधून, वैरण टाकून आले होते. त्या निवांत रवंथ करत बसल्या होत्या, आणि त्यांना कुणाचीच गरज नव्हती.